जत्रेला जातेयस ना, मग वर्कशीट घरीच ठेव

या वेळचं पत्र ठाण्याहून आलंय, थोडं कापून देतेय:

"ताई, नमस्कार. मुलगी ११ वर्षांची, मुलगा ७, दोघंही गेली दोन वर्षं घरीच शिकतायत. डिसेंबरात सासरी, कुडाळजवळच्या गावात जत्रेला जाणार आहोत, रात्री देवळात दशावतार (कोकणातलं रात्रभर चालणारं पौराणिक लोकनाट्य) असतो. मी विदर्भातली, मी दशावतार आयुष्यात कधी बघितला नाहीये. म्हटलं छान प्रोजेक्ट होईल, म्हणून चार पानांची वर्कशीट बनवली, अवतारांचा तक्ता भरा, नवरस ओळखा, वाद्यांची नावं लिहा वगैरे. मुलगी ती बघून म्हणाली, 'मग मी येतच नाही.' सासूबाई म्हणतात, 'नाटक बघूक जातत आणि म्हणे अभ्यास!' नवरा म्हणतो, पोरांना झोपू दे. ग्रुपवर बाकीच्या आया कसले सुंदर चार्ट टाकतात आणि माझ्याकडे दाखवायला काहीच नाही असं वाटतं. मी नक्की काय करू? आणि ७ वर्षांच्या पोराला रात्रभर जागवणं बरोबर आहे का?"

अगं, सगळ्यात आधी तुझ्या लेकीला माझ्याकडून एक शाबासकी दे. तिने तुला वेळेवर सांगितलं. माझ्या मुलाने मला सांगितलंच नव्हतं, तो नुसता गप्प बसला आणि मला कळायला वर्ष गेलं.

झालं काय होतं, तो आठ वर्षांचा असताना त्याला एका बालनाट्याला नेलं होतं, आणि मी तेव्हा तुझ्यासारखीच नवीन नवीन, प्रत्येक गोष्टीतून काहीतरी शिकून झालंच पाहिजे अशी भूत लागल्यासारखी. पर्समध्ये वही, पेन्सिल, वीस प्रश्न. पडदा उघडला तसं मी कानात सुरू, "बघ हां, हा लाइट निळा का आहे सांग", "आता हा कोणता भाव?" पुढच्या रांगेतल्या आजोबांनी दोनदा मागे वळून बघितलं, तिसऱ्यांदा म्हणाले, "बाई, तुम्ही बघा आणि त्यालाही बघू द्या." मध्यंतरात बटाटेवडा खाता खाता मी त्याच्याकडून सहा प्रश्नांची उत्तरं लिहून घेतली. वही माझ्याकडे अजून आहे. अक्षर इतकं वाईट की बघवत नाही. त्यानंतर जवळजवळ वर्षभर नाटकाचं नाव काढलं की याचं पोट दुखायचं, आणि मला वाटायचं वड्यानेच काहीतरी झालं असेल.

तोच मुलगा पुढे माझ्या माहेरी, वेंगुर्ल्याकडे, जत्रेत दशावताराला बसला. तेव्हा मी हात टेकले होते त्यामुळे वही नाही, पेन्सिल नाही, काही नाही. पहाटे तीनच्या सुमाराला मी पेंगत होते तर हा मला हलवून विचारतोय, "आई, अवतार किती झाले?" बघते तर बोटं मोजत बसलेला. म्हटलं का रे? तर म्हणे, "नाव दशावतार आहे आणि मी रात्रभर मोजतोय, एकच आला. बाकीचे नऊ कुठे गेले?"

या एका प्रश्नावर आम्ही पुढे जवळजवळ दोन महिने काढले. माझ्या वीस प्रश्नांत तो नव्हता, कारण मला तो कधी पडलाच नव्हता, मी लहानपणापासून बघत आलेय ना, मला वाटायचं दशावतार म्हणजे दशावतार.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की देवळातले ते सहा-सात तास अभ्यासाला अजिबात हात लावायचा नाही. जे करायचं ते आधी आणि नंतर, आणि नंतर जे करायचं ते पोराला जो प्रश्न पडेल त्याच एका धाग्याला धरून. एकच धागा. चार पानं नकोत. आणि ती वर्कशीट फाडू नकोस, तुझ्यासाठी ठेव, तू दशावतार बघितला नाहीयेस ना, तुलाच वाचायला बरी पडेल.

आता आधी काय करता येईल ते सांगते. सासूबाईंना फोन लाव, म्हणजे तू नाही, लेकीला लावू दे, आणि तिला एवढंच विचारायला सांग की "आजी, जत्रा कधी आहे?" आजी तारीख सांगणारच नाही. तिथी सांगेल. आणि मग लेकीला भिंतीवरचं कालनिर्णय काढून ती तिथी शोधावी लागेल, तिथेच निम्मा खगोलशास्त्राचा धडा झाला. गेल्या वर्षी जत्रा कोणत्या तारखेला होती तेही विचारू दे. तारीख का बदलते हा प्रश्न ती स्वतःच विचारेल, नाही विचारला तर गणपतीच्या तारखा समोर ठेव. २०२४ ला गणेशचतुर्थी ७ सप्टेंबरला होती, २०२५ ला २७ ऑगस्टला आणि २०२६ ला १४ सप्टेंबरला. आधी ११ दिवस मागे आली आणि मग एकदम १८ दिवस पुढे उडी. का? चंद्राचं वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, सूर्याचं ३६५, म्हणून दरवर्षी ११ दिवस मागे, आणि असंच चालू राहिलं तर गणपती उन्हाळ्यात येतील म्हणून साधारण ३२-३३ महिन्यांनी एक जादा महिना घालतात. २०२६ ला ज्येष्ठ अधिक, म्हणजे आपला धोंड्याचा महिना, जावयाला तेहतीस अनारसे द्यायचे तो. ११ वर्षांच्या मुलीला हे भागाकाराने काढता येतं, तू सांगू नकोस, किती वर्षांनी महिनाभराचा फरक पडेल एवढंच विचार. आणि तिला गंमत म्हणून हेही सांग की आंगणेवाडीच्या भराडी देवीची एवढी मोठी जत्रा पण ती तिथीवर नसते, देवीचा कौल घेऊन तारीख ठरते, त्यामुळे ती कालनिर्णयमध्ये आधीपासून सापडायची नाही.

बघ, एका फोनमध्ये काय काय झालं. आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे सासूबाई मास्तर झाल्या. तुझ्या प्रोजेक्टच्या गाइड त्याच. त्यांना 'नाटक म्हणजे अभ्यास' हे पटवत बसू नकोस, त्या आयुष्यभर दशावतार बघत आल्यायत, त्यांना तू काय सांगणार? त्यांना फक्त विचारायचं. त्यांच्या लहानपणी दिवे कसले होते, कुणाचं काम गाजायचं, बायका कुठे बसायच्या, झोप आली की काय करायचे. मुलीला फोनवर रेकॉर्ड करू दे. मला खात्री आहे दुसऱ्या फोनला त्याच म्हणतील, "अजून काय विचारूचा हा?"

यूट्यूबवर आधी अख्खं नाटक दाखवून टाकू नकोस हां. भरपूर पडलेली आहेत, कै. सुधीर कलिंगण यांच्यासारख्या मोठ्या कलाकारांचीही आहेत, पण ती नंतर. आधी बघितलं तर तिकडे गेल्यावर पोरं म्हणतील हे तर माहितीये.

आता जत्रेची रात्र. तुला माहीत नाही म्हणून थोडं सविस्तर सांगते. संध्याकाळी देवीची ओटी भरायला रांग असते, बाहेर खाज्याची (गुळात घोळवलेल्या बेसनाच्या कांड्या), खेळण्यांची दुकानं, मग रात्री पालखी निघते, देवळाभोवती प्रदक्षिणा होतात, आणि ते सगळं आटपून नाटक सुरू व्हायला बारा-एक वाजतात. म्हणजे मुलांना दुपारी झोपव. हे सगळ्यात महत्त्वाचं, बाकी सगळं विसरलीस तरी चालेल. चटई आणि एक जाड गोधडी ने, डिसेंबरात कोकणात थंडी नसते असं ठाण्याच्या माणसांना वाटतं पण पहाटे दव पडायला लागलं की कळतं. चटई लवकर टाकून जागा धरायची असते, पेटीवाल्याच्या बाजूला मिळाली तर उत्तम.

पालखी सुरू व्हायच्या आधी नवऱ्याला सांग, रंगपटात पोरांना नेऊन आण. रंगपट म्हणजे त्यांची मेकअपची जागा, देवळाच्या मागे नाहीतर बाजूच्या एखाद्या पडवीत. गावातला माणूस बरोबर असला की कुणी नाही म्हणत नाही, पण विचारून जायचं, चपला बाहेर, आणि फोटोसुद्धा विचारून, कारण तिथे गणपतीचा मुखवटा असतो, त्याला नमस्कार केल्याशिवाय त्यांचं काही सुरू होत नाही. तिथे बसून बघायचं. पत्र्याच्या ट्रंका, प्रत्येकाचा आपापला छोटा आरसा, आणि प्रत्येकजण आपला चेहरा आपणच रंगवतो, मेकअपवाला म्हणून वेगळा माणूस नसतो. मी एकदा बघितलेलं सांगते, एक चाळिशीचा गृहस्थ, मिशी सकाळीच काढलेली, बनियनवर बसून बिडी ओढत होता, बिडी विझवली, गालावर सफेदा लावला, गुलाबी चढवला, भुवया काढल्या, आणि नऊवारी नेसून पदर खांद्यावर घेतला त्या क्षणी त्याची बसण्याची ढबच बदलली. गुडघे जवळ आले, मान थोडी कलली. माझ्या मुलीने माझा हात घट्ट धरला. कुणी काही बोललं नव्हतं.

तुझी लेक ११ ची आहे, ती विचारणार, बाईचं काम बाई का करत नाही? खरं ते सांग. बायकांनी रंगमंचावर उभं राहणं समाजाला चालत नव्हतं, आणि हे काही कोकणातच होतं असं नाही, आपल्या संगीत नाटकातसुद्धा बालगंधर्व, १८८८ चा जन्म, त्यांनी स्त्रीभूमिका करूनच उभा महाराष्ट्र वेडा केला आणि बायका त्यांच्यासारख्या साड्या नेसायच्या म्हणतात. हे कौतुकही आहे आणि अन्यायही आहे, दोन्ही एकदम असू शकतं हे तिला कळायचं वय आहे. तू निकाल देऊ नकोस, तिला भांडू दे तुझ्याशी.

रंगपटात अजून एक गोष्ट दिसेल आणि ती माझ्या मते सगळ्यात भारी आहे. मेकअप चालू असतानाच मंडळीचा प्रमुख आजचं आख्यान कोणतं ते सांगतो, पहिला प्रवेश कुणाचा, कोण कुणाला शाप देणार, युद्ध कुणाकुणात, एवढं सगळं पाच-दहा मिनिटांत. झालं. हीच तालीम. लिहिलेली संहिता नसते गं! पुढचे चार-पाच तास ही माणसं संवाद मनाने बोलतात, समोरचा काय बोलेल ते आधी माहीत नसताना, शुद्ध मराठीत, पुराणातले दाखले देत, मध्येच पद गात. आणि उद्या दुसऱ्या गावात दुसरं आख्यान. आपल्याला सोसायटीच्या मीटिंगमध्ये दोन वाक्यं बोलायची तर कागद लागतो.

मग पेटी, पखवाज, झांज सुरू होतात. पहिला भाग असतो त्याला आडदशावतार म्हणतात, हल्ली बऱ्याच ठिकाणी थोडक्यात उरकतात. गणपती येतो, रिद्धिसिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव, आणि मग संकासुर. शंखासुर म्हणजे, वेद चोरणारा राक्षस, ज्याला मारायला विष्णूने मत्स्यावतार घेतला. माझ्या मुलाने मोजलेला एकुलता एक अवतार तो हाच. त्याच्यानंतर मुख्य आख्यान लागतं, ते रामायण, महाभारत, पुराणं कुठलंही असू शकतं, दहा अवतार ओळीने येतच नाहीत.

संकासुराकडे लक्ष दे. देव, राजे, ऋषी सगळे भरजरी मराठी बोलतात, "हे प्राणनाथ" वगैरे, आणि हा काळ्या वेषातला राक्षस येतो आणि सरळ मालवणीत सुरू होतो. गावातल्या गोष्टींवर टोमणे, टायमिंग असं की देऊळ हसून पडतं. कधीकधी विनोद जरा चावट असतो ते आधीच सांगून ठेवते, सात वर्षांच्याला कळणार नाही, अकराच्या मुलीला अर्धं कळेल, तू काही समजावत बसू नकोस. पण घरी आल्यावर एखाद्या दिवशी जेवताना सहज हा विषय काढ, की देव पुस्तकी भाषा बोलतात आणि राक्षस आजीची भाषा बोलतो, असं का असेल? आणि मग लोकांना जास्त आवडला कोण? आमच्याकडे यावर अक्षरशः भांडण झालं. मुलगी म्हणाली हा आपल्या भाषेचा अपमान आहे. मुलगा म्हणाला उलट आहे, तोच एकटा आपल्यातला आहे, बाकीचे सगळे पाहुणे. मला दोघांचं पटलं. मी स्वतः मुंबईला कॉलेजात गेल्यावर तीन वर्षं मालवणीचा एक शब्द तोंडातून निघू दिला नव्हता, त्यामुळे मी त्या दिवशी जरा गप्पच होते.

तुझ्या मुलाची गोष्ट आता. जागवू नकोस. सात वर्षांचं पोर आडदशावतार बघेल, संकासुराला हसेल, आणि राजा दरबारात लांबलचक बोलायला लागला की गोधडीत लुडकेल. झोपू दे. आजूबाजूला पंधरा पोरं तशीच झोपलेली दिसतील, आम्ही सगळे तसेच वाढलो. फक्त पखवाज जोरात सुरू झाला आणि तलवारी निघाल्या की हळूच हलव, उठला तर युद्ध बघेल, ते युद्ध म्हणजे जवळजवळ नाचच असतो, तालात पावलं, तालात गिरक्या. नाही उठला तर नाही उठला. आणि पहाटे दहीकाला होतो तेव्हा मात्र उठव, हंडी फुटते, प्रसाद मिळतो. या दहीकाल्यावरूनच मालवणीत अख्ख्या नाटकाला 'धयकालो' म्हणतात, हे तुझ्या सासूबाई सांगतीलच. बाकी दोन दिवस त्याचं झोपेचं वेळापत्रक बिघडेल, सोमवारी आठ वाजता शाळेची बस पकडायची नाहीये ना? होमस्कूलिंगचे फायदे फार थोडे आहेत, हा एक आहे, तो घे.

घरी आलात की पहिले दोन दिवस काहीच विचारू नकोस. "काय शिकलात?" तर अजिबातच नाही. फक्त कान उघडे ठेव, खेळताना काय बाहेर येतं ते ऐक. मुलगा पंचा बांधून गदा फिरवायला लागला तर तो तुझा धागा. मुलगी आरशासमोर भुवया काढत बसली तर तो. त्यांनी काहीच नाही केलं तर तूही काही करू नकोस, कधीकधी सहा महिन्यांनी उगवतं.

समजा लेकीला ते संहिता नसण्याचं वेड लागलं, मला वाटतं लागेल, तर रात्री जेवणं झाल्यावर तुम्ही चौघं खेळा. एक माहीत असलेली गोष्ट घ्यायची, पुराणातलीच पाहिजे असं नाही, सोसायटीतलं पार्किंगचं भांडण घेतलं तरी चालेल. मुलगी मालक, म्हणजे मंडळीची प्रमुख. तिने पाच मिनिटांत प्रत्येकाला सांगायचं, तू कोण, तू कधी यायचं, शेवट काय होणार. मग सुरू. सामान एकच, एक बाकडं नाहीतर स्टूल. कारण दशावतारात नेपथ्य म्हणून असतं काय तर पडदा आणि एक बाकडं, तेच सिंहासन, तेच रथ, तेच जंगलातला दगड. पहिल्या दिवशी तुमचं नाटक चाळीस सेकंदांत संपेल, सगळे हसत सुटतील, नवरा तर नक्कीच. आठवड्याने दहा मिनिटं चालेल. मग तिला कळायला लागतं की समोरच्याला बोलायला जागा ठेवावी लागते, आपणच सगळं बोललो तर नाटक मरतं, शब्द कमी पडतात म्हणून वाचावं लागतं. माझी मुलगी या नादात पांडवप्रतापाच्या, म्हणजे महाभारतावरच्या जुन्या मराठी ग्रंथाच्या, ओव्या घेऊन बसली होती, मी कितीही सांगितलं असतं तरी बसली नसती.

इतिहासाची आवड असेल तर एक मस्त कोडं आहे. दशावतार कोकणात आणला कुणी? एक मत सांगतं गोरे नावाच्या गृहस्थांनी, दुसरं सांगतं आडिवऱ्याच्या श्यामजी नाईक काळे यांनी, १७२८ च्या आसपास. गोरे की काळे! मुलांना आधी हसू दे, मग विचार, लिहून ठेवलेलं नसेल तर कुणाचं खरं मानायचं आणि कशावरून. दोन्हीकडून रस्ता जातो मात्र कर्नाटकाकडे. यक्षगान म्हणजे तिकडच्या उडुपी भागातलं असंच रात्रीचं लोकनाट्य, त्याचा पाच मिनिटांचा व्हिडिओ लाव आणि काय सारखं, काय वेगळं ते शोधू दे, ते मुकुट बघूनच मुलगा वेडा होईल. आणि त्याच कर्नाटकातून एक भागवत मंडळी खेळ करत सांगलीला आली होती, ते बघून तिथल्या पटवर्धन राजांनी विष्णुदास भाव्यांना सांगितलं की असं काहीतरी मराठीत करा, आणि ५ नोव्हेंबर १८४३ ला सीतास्वयंवराचा खेळ झाला. तो दिवस आपण अजून मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो. नकाशावर बोट ठेवून जाता येईल असा प्रवास आहे हा, कुडाळ, उडुपी, सांगली. भूगोल वेगळा काढायलाच नको.

मुलाला हिशोबाची आवड असेल तर मालकांना विचारता येईल की मंडळीत माणसं किती, गाडी कुणाची, जत्रा संपल्यावर पावसात काय करतात. बरेचजण शेती करतात, हे ऐकून शहरातल्या पोरांना धक्का बसतो, काल रात्रीचा राजा जूनमध्ये चिखलात लावणी करतोय. पण खाज्याच्या वजनाची गणितं घालू नकोस, पाव किलो एवढ्याला तर तीनशे ग्रॅम केवढ्याला वगैरे. मी घातलीयत. पोरं खाजं खायचं सोडून तुझ्याकडे बघतात.

आता ग्रुपवरच्या चार्टांचं. ते चार्ट रात्री अकरा वाजता कोण रंगवतं हे तुलाही माहितीये आणि मलाही. तुला दाखवायला काही हवं असेल तर एक साधी नोंदवही ठेव, तारीख, काय बघितलं, पोरांनी काय विचारलं, त्यांच्याच शब्दांत. उत्तर नाही लिहिलं तरी चालेल. पुढे परीक्षेला बसवायचं तर एनआयओएसची (राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची) दहावी १४ वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते, नाहीतर बाहेरून परीक्षा देणाऱ्यांसाठी आपल्या बोर्डाचा १७ नंबरचा फॉर्म आहे, आणि तिथे कुणीही तुझा दशावताराचा चार्ट मागणार नाही. ती नोंदवही तुझ्यासाठी. माझ्या वहीत त्या रात्रीच्या तारखेसमोर एकच ओळ आहे, "बाकीचे नऊ कुठे गेले?"

नवरा झोपू दे म्हणतो ते बरोबरच आहे, त्यालाही झोपू दे, पण पहाटे चहा आणायचं काम त्याचं. आणि तू स्वतः बघ गं. तुझी पहिलीच वेळ आहे. पोरांकडे बघत बसशील की ती बघतायत का, आणि तुझंच राहून जाईल. तुला काही नाही कळलं तर सासूबाईंना विचार, मुलांच्या समोर विचार, आईलाही माहीत नसतं आणि ती विचारते हे त्यांना दिसू दे.

परत आलीस की दोन ओळी लिही, मुलगा कितव्या प्रवेशाला झोपला ते सांग. आणि खाजं आणणार असशील तर आधी एक कांडी मोडून बघ, कट्कन मोडली तरच घे, मऊ वाकलं तर ते मागच्या जत्रेतलं आहे.